ओरिजिनल

सलमाबादच्या चौथ्या गल्लीत
ट्रेलरवरून उतरली ती,
दोरखंडांनी आवळलेली, चाकांत हवा नाही,
आणि मी कात्री खाली ठेवली.

मागची काच फुगीर, माशाच्या डोळ्यासारखी.
जेन्सन.
आम्हा गॅरेजवाल्यांच्या माहितीत तेव्हा बहारीनमध्ये दोनच होत्या.
एक कॉजवे सुरू झाला त्या वर्षी उलटली,
दुसरी ही.

त्र्याऐंशी साली हॅलमसाहेब घेऊन आला होता,
बँकेतला माणूस, नाकाची साल निघालेली.
सीटा उन्हानं पापडासारख्या तडकलेल्या.
विलायतेहून चामडं मागवतो, हातानं शिवशील का, म्हणाला.
मी 'येस' म्हटलं.
इंग्रजी मला तेवढंच येत होतं.

एकवीस दिवस.
मशीन होतं, पण कोपऱ्यात मशीन पोचत नाही,
तिथं आरीच लागते.
ती मी गावाहून आणली होती, लुंगीत गुंडाळून.
मूठ बाभळीची,
आबाच्या तळव्यानं काळी पडलेली.

आबा मोटा शिवायचा.
मोटेतून थेंब गळला
तर खळ्यावर पायली हलकी भरायची.
म्हणून त्याची एक गाठ होती:
दोनदा आत, एकदा उलटी,
मग दोऱ्याची शेपटी चामड्याच्या पोटात.
दिसायची नाही, सुटायची नाही.
त्या मोटेनं वर आलेलं पाणी
आम्हाला वरून ओतायचे, ओंजळीत.

मी पत्रात लिहिलं,
एका गाडीच्या गाद्या शिवल्या,
सहा जनावरांची कातडी लागली.
पोस्टमननं वाचून दाखवलं असणार.
उत्तरात आबानं एवढंच विचारलं:
बसणारा माणूस कसा आहे?
पुढचं पत्र मी लिहीपर्यंत
आबा राहिला नाही.

आता मालक फादेल. असेल सत्तावीस वर्षांचा.
आजोबांच्या गोदामात सापडली म्हणाला,
ताडपत्रीखाली, खजुरांच्या खोक्यांमागं.
एकेका स्क्रूचा नंबर त्याला पाठ.
दार उघडून दाखवू लागला.
मला.
आमच्या अर्ध्या हिंदीत, अर्ध्या अरबीत:
'उस्ताद, सीट ओरिजिनल आहे.
तिकडच्या कारखान्यात हातानं शिवलेली.
अशी शिवण आता कुणाला येत नाही.
फक्त इथं वीतभर उसवलीय.
पण ही गाठ बघा,
हिला धक्का लावू नका. हीच तर खूण.'

शफिकुलनं माझ्याकडं पाहिलं.
त्याला ही गाठ मीच शिकवली आहे, शिव्या देऊन.
त्यानं तोंड उघडलं.
मी म्हटलं, चहा आण.

मग गुडघे टेकून आत वाकलो.
चाळीस वर्षांचं ऊन त्या चामड्यात मुरलेलं,
वास मात्र तोच,
ओल्या कातडीचा, मेणाचा,
ज्या वासानं शाळेत माझ्याशेजारची जागा
रिकामी राहायची.
चष्मा काढला. बोटांना चष्मा लागत नाही.
सीटखाली, स्प्रिंगच्या मागं
ती होती, जोंधळ्याच्या दाण्याएवढी.

सांगावं का?
सांगितलं असतं तर फादेलच्या गाडीची किंमत उतरली असती.
किंवा चढली असती. मला यातलं कळत नाही.
त्यानं माझ्यासाठी स्टूल ओढून आणलं,
आधी स्वतःच्या बाहीनं पुसलं,
आणि स्वतः जमिनीवर, तेलाच्या डागांवर
मांडी घालून बसला, बघत.

बसणारा बरा आहे, आबा.

दोऱ्याला मेण लावलं.
दोनदा आत.
एकदा उलटी.

काम झाल्यावर फादेल फोनची बॅटरी लावून
कितीतरी वेळ शोधत राहिला,
जुनी कुठली, नवी कुठली.
'माशाल्ला,' म्हणाला, 'तुम्ही तर हुबेहूब विलायती केलीत.'

मी बिल लिहिलं:
शिवण, वीतभर. अकरा दिनार.
गाठीचे लावले नाहीत.